त्याची सही, माझी करवत

"तुम्ही दोरीच्या पलीकडे उभे राहा. आत फक्त सर्टिफिकेटवाले."

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला सगळ्यांसमोर म्हणाले. ती दोरी सकाळी मीच बांधली होती. माणसं झाडाखाली येऊ नयेत म्हणून.

वाऱ्याने एक जाड फांदी मोडली होती. एक टोक बुंध्याला अडकलेलं, दुसरं कंपाउंडच्या भिंतीवर. त्या सोसायटीची झाडं नऊ वर्षं मी छाटतोय. कळंबच्या वाड्यांत कोयता शिकलो, मग जुनी मशीनची करवत घेतली. दहाही बोटं शाबूत आहेत. हे कुठल्या कागदावर लिहून मिळत नाही.

आत तो सर्टिफिकेटवाला उभा होता. माझ्याहून बराच लहान. गळ्यात कार्ड, डोक्यावर हेल्मेट, मांड्या वाचवणारी जाड पँट. खोटं कशाला बोलू, मी जळलो. कार्डावर जळलोच. पण सेक्रेटरी त्याला 'सर' म्हणत होते, त्यावर जास्त. मी नऊ वर्षं 'ए झाडवाला'.

त्याने करवत वरून लावली. दोन्ही टोकं टेकलेली फांदी वरून कापली की मध्ये खचते आणि पातं दाबून धरते. तसंच झालं. आणि तो चालू मशीन ओढायला लागला.

"आधी बंद कर," मी ओरडलो.

त्याने ऐकलं. दोरीपाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, आता कसं काढू?"

मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, कापा तुम्हीच, कागदावर सही यांची राहील. मी नाही म्हटलं. त्यांनी भाव वाढवला. पुन्हा नाही, तर दुप्पट केला. घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही. त्या दिवशी आकडा कानात शिरलाच नाही.

"काम माझं, तर सही माझी."

"तुमच्या सहीला विचारतो कोण?"

मी माझी करवत टेम्पोत टाकली. निघताना त्या माणसाला तेवढं सांगितलं: फांदीखाली मध्ये टेकू लाव, पातं सुटेल, मग खालून काप. जीव त्यालाही आहे.

त्याच्यासारखी पँट माझ्याकडे नाही, हेही मी बघून आलो. करवतीच्या सर्टिफिकेटच्या पुढच्या परीक्षेला नाव घातलंय. अर्ध्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसेन. कार्ड घेईन. तोवर चूल थंड राहिली तरी चालेल, दुसऱ्याच्या सहीखाली मी मशीन चालू करणार नाही.