कोणी उतरायचं

दुपारचं जेवण अंगावर आलंय. ओटीवरच्या बाकावर पास्कू आडवा होतो. आत त्याची बायको कत्रीन भांडी घासतेय, तो आवाज हळूहळू लांब जातो, आणि पापण्या मिटता मिटता त्याला दिसतं, की समोर पायरीवर दुमिंग बसलाय. त्याचा थोरला भाऊ. नाताळाआधीच त्याला चर्चच्या आवारात मूठमाती दिली होती.

"माझ्या मयताला गायला नाहीस," दुमिंग म्हणतो. कसा आहेस, बरा आहेस, काही नाही.

"आईच्या मयताला तू मला कुठं गाऊ दिलंस?"

वसईकडच्या त्या गावात या दोघा भावांच्या गळ्याचं नाव होतं. चर्चच्या माळ्यावर, बाजाशिवाय, चार आवाजांत लॅटिन मोटेट, म्हणजे प्रार्थनागीतं, गायली जायची. त्यात पास्कूचा चढा टेनर, दुमिंगचा सगळ्यांत खालचा बास. गुड फ्रायडेचं एक मोटेट दोघांच्याही जिवाचं. त्यात एक जागा अशी, की टेनर आपला स्वर धरून थांबतो आणि खालून बास सरकतो. दोन स्वर एकमेकांना घासतात, ऐकणाऱ्याच्या छातीत कळ उठते. मग टेनर एक पायरी खाली उतरतो आणि सगळं चर्च श्वास सोडतं. तिथं आईचा पदर हमखास डोळ्यांना लागायचा. तिच्या मयताला तेच गायचं ठरलं, आणि दुमिंगनं सूर दिला तो एवढा खाली, की पास्कूचा आवाज घशातच बुडाला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही.

आता दोघं माळ्यावर उभे आहेत. खाली बाकं नाहीत, केळीच्या रांगा आहेत, थेट वेदीपर्यंत.

"मुद्दाम खाली दिलास सूर," पास्कू म्हणतो.

"हो, मुद्दाम. सकाळपासून रडून तुझा गळा बसला होता. वर आवाज फाटला असता."

"फाटू द्यायचा होता! माझी आई गेली होती."

"मग माझी कोण होती?"

पास्कू आणखी चिडतो. "दे सूर. आता दे वरचा. बघू कोणाचा फाटतो."

दुमिंग सूर देतो. चांगला चढा. दोघं गाऊ लागतात आणि माळा कधीच विहीर झालेला असतो. घोट्यापर्यंत पाणी, भोवती शेवाळलेला दगड, आणि प्रत्येक स्वर वर जाऊन दुप्पट होऊन परत येतो. ती जागा येते. पास्कू थांबतो. दुमिंग सरकतो. स्वर घासू लागतात, दगडातून माती झरते.

"उतर," दुमिंग म्हणतो. त्याचं गाणं मात्र थांबत नाही.

"मेल्यावरही मीच नमायचं? तू फिर मागं."

"एकदा सरकलेला बास मागं फिरत नाही. उतर, पास्कू, गाणं अडलंय."

पास्कूच्या दाढा ठणकतायत. उतरलं की हा त्रास संपेल, ठाऊक आहे. उतरलं की गाणंही संपेल, आणि हा पाठ फिरवून चालू लागेल.

"नाही उतरत. काय करशील?"

"हट्टी गाढवा!" दुमिंग हात उगारतो, त्याचा खांदा पकडतो आणि सगळा भार टाकून त्याला खाली दाबतो.

पास्कू उठून बसतो. तोंड उघडं, छाती धपापतेय. दारात कत्रीन, ओल्या हातांनी.

"कुणाशी भांडत होतात?"

"दुमिंगशी."

"अजून?" ती म्हणते. मग तिची नजर बनियनच्या पट्ट्याशी अडते. खांद्यावर पाच बोटं उमटलीत, लालबुंद. "अगो आई, हे काय! थांबा, तेल आणते."

"तेल नको."

"सूज येईल हो."

"येऊ दे," पास्कू म्हणतो, आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या बोटांवर घट्ट दाबून धरतो.