उंबऱ्यासमोरचा शत्रू

"आजी, हे वयामुळे नाही. याला नाव आहे," मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भीती नंतर वाटली. आधी संताप आला.

दीड वर्ष इथे काशीत आमच्या मंगला गौरीच्या गल्लीतले डॉक्टर मला एकच सांगत होते, "माताजी, उमर का असर है." पाय सुजले, उमर. लघवीला फेस आला, उमर. पंचगंगा घाट चढताना चार पायऱ्यांत धाप लागली, तरी उमरच. लघवी मात्र त्यांनी एकदाही तपासली नाही.

नाव होतं अमायलॉइडोसिस. बाळांनो, सोपं करून सांगते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती नीट दुमडली तर कामाची. माझ्या शरीरातलं एक प्रथिन चुकीचं दुमडत होतं आणि त्याचे थर एकावर एक रचले जाऊन मूत्रपिंडांत साचत होते. बायॉप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यात, ते सापडलं. लाल रंग देऊन खास प्रकाशात पाहिलं की ते हिरवंगार चमकतं म्हणे.

मी म्हटलं, "मला त्याचं तोंड दाखवा."

बाई हसल्या आणि त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. एका थराचं चित्र होतं. वळणं घेत गेलेली एकच रेघ आणि तिच्यावर ठिपके. देखणं होतं, त्याचाच जास्त राग आला. परदेशात कलाकार प्रथिनांची शिल्पं करतात, तांब्याची, काचेची, असं त्यांनी सांगितलं. वळलेल्या फितींसारखी चित्रं तर शास्त्रज्ञांनीच आधी हाताने काढली होती. "तुम्हीही काढा, आजी. उपचाराचे दिवस सरतील."

दर बुधवारी पोटाच्या कातडीत इंजेक्शन. केमोथेरपी, म्हणजे ते प्रथिन बनवणाऱ्या पेशी मारायचं औषध. गुरुवारी सकाळी मी स्टुलावर बसून दारासमोर, बरोबर पाऊल पडतं तिथे, ते चित्र काढायची. एका अमिनो आम्लाला एक ठिपका, छापील कागदावरून मोजून. लाल रेघ, हिरवी किनार. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला तुडवावं, एवढीच इच्छा.

चूक माझीच. मी ते रांगोळीने काढलं.

दूधवाला उडी मारून आत आला. "दादी, इस पर पैर? काहे पाप चढ़वाती हैं?"

शेजारच्या कमलताई साडी उचलून भिंतीला घासत आल्या. "अगंबाई, कुठली वेल ही?"

"विषाची."

"असू दे बाई, सुबक आहे!"

तुमचे आजोबासुद्धा मागच्या दाराने ये-जा करू लागले. आठवड्यामागून आठवडे माझा वैरी माझ्याच दारात मानाने पडून राहिला.

रक्तातलं ते प्रथिन उतरतंय असा अहवाल आला, त्याच गुरुवारी गल्लीतले डॉक्टर विचारपूस करायला आले. चपला काढून बाहेरच थबकले.

"सीधे आइए, डॉक्टर साहब."

"रंगोली है, माताजी."

"यही है आपकी उमर. रखिए पैर."

त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना तसंच उन्हात उभं ठेवलं आणि साखळी कुठे वळते, कुठे चुकते, ते ठिपक्या-ठिपक्याने समजावलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गलती हो गई." पाय मात्र उचलेना.

मग मीच टाकला. लहानपणापासून कधी रांगोळीवर पाऊल पडू दिलं नव्हतं. टाच दाबून गरकन फिरवली.

तुम्ही दूर आहात म्हणून लिहिते. कुणाचे पाय सुजले, लघवीला फेस आला, तर स्वतः मागून तपासणी करून घ्या. वयावर ढकलू देऊ नका. त्या तरुण बाईंना मी रोज आशीर्वाद देते. गल्लीतल्या डॉक्टरांना अजून माफ केलेलं नाही. त्या दिवशी ते पुसटलेल्या रेघांच्या कडेने आत आले. त्यांना चहात तीन चमचे साखर लागते. मी एकही घातला नाही. मुकाट्याने प्यायले. "और लेंगे?" विचारलं, तर हो म्हणाले. दुसराही तसाच दिला.