रेवाचा डबा आणि सगळ्यांचे मोबाईल

आज आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत दिवाळीचा एकत्र फराळ होता. पवार काका पेटी वाजवत होते आणि बाकीचे गात होते.

माझ्या तीन वर्षांच्या रेवाने चिवड्याचा रिकामा डबा उलटा केला आणि पेटीबरोबर वाजवायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. ठेका बऱ्यापैकी जमत होता आणि ती स्वतःशीच हसत होती.

झालं. सगळ्यांचे मोबाईल निघाले.

"रेवा, इकडे बघ ना."

"काका, परत पहिल्यापासून घ्या, माझं रेकॉर्डिंग सुरू नव्हतं."

एका काकूंनी तर "व्हिडिओत डबा बरा नाही दिसत" म्हणत तो काढून घेतला आणि नातवाची खेळण्यातली ढोलकी तिच्यापुढे ठेवली. रेवाने भोकाड पसरलं. वर काकूंनी मलाच ऐकवलं, "लाजाळू आहे हो तुमची मुलगी."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. लोकहो, दोन मिनिटं नुसतं ऐकायला काय जातं आपलं?

घरी आल्यावर स्वयंपाकघरातून पुन्हा डब्याचा ठेका ऐकू आला. मी दारात गेले तशी रेवा थांबली. तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं. ते रिकामे दिसले, तेव्हाच पुन्हा वाजवायला लागली.