पाठवणाऱ्याचा पत्ता

साठ साली जळगावात माझ्या शेजारच्या खोलीत एक चित्रकला शिक्षक राहत. मूळचे पाचोऱ्याकडचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना नाना म्हणे, ते मला भाऊ. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. सुट्टीच्या दिवशी नाना अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत.

तिथंच त्यांना तो चिनी माणूस भेटला. दिल्लीच्या वकिलातीत सचिव होता, लेणी पाहायला आला होता. हे रंग कशाचे, असं त्यानं सोबतच्या दुभाष्याकरवी विचारलं. नानांनी खालच्या ओढ्यातला एक दगड उचलला, तळहातावर पाण्यानं घासला आणि गेरू काढून दाखवला. जाताना त्याचं पेन्सिलचित्र काढून दिलं. महिन्याभरानं आभाराचं पत्र आलं, इंग्रजीत.

"भाऊ, उत्तर तू लिख," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "मनं इंग्रजी म्हणजे बठ्ठा चिखल शे."

अशी चार पत्रं गेली. मसुदा माझा, अक्षर माझं; खाली सही नानांची आणि पाकिटामागे पत्ताही नानांचा. नानांना फक्त दगडांविषयी आणि रंगांविषयी लिहायचं असे. दोन महान देशांची अतूट मैत्री वगैरे वाक्यं मी माझ्या हौसेनं घातली. इंग्रजी मिरवायला दुसरी जागा नव्हती मला. ती वाक्यं मी नानांना कधी वाचूनही दाखवली नाहीत.

बासष्टला चीनशी लढाई झाली. कचेरीत हुकूम आला, परदेशी वकिलातींशी पत्रव्यवहार असणाऱ्यांची यादी करा. यादी माझ्याच टेबलावर आली. दुसऱ्या कुणी नानांचं नाव दिलं तर त्याबरोबर माझंही निघेल, या भीतीनं मीच ते लिहिलं. एक ओळ. माझं नाव लिहिलं नाही.

पोलिसांनी नानांच्या ट्रंकेतून माझे कच्चे मसुदे नेले. ते नानांनी जपून ठेवले होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी रोज माझ्या बोलावण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. नानांना शाळेनं कमी केलं. ते धुळ्याला जाऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. स्टेशनवर मी त्यांची वळकटी उचलून दिली होती.

पुढं दहा-बारा वर्षांनी माझीही बदली धुळ्याला झाली. नानांनी मला पाहताच एक वही काढली. वाचनालयातल्या रद्दीतून कापलेले दोन फोटो तिच्यात चिकटवलेले.

"हा कान बघ. अजिंठ्याला त्या चित्रात हाच मी काढेल शे. खाली काय लिहिलंय?"

खालची इंग्रजी ओळ त्यांनी कुणाकडून वाचून घेतली नव्हती. चिनी माणसाशी यांचं काय काम, असं कुणी विचारलं असतं. मी वाचली. आफ्रिकेतल्या एका देशाच्या अध्यक्षांना नवे चिनी राजदूत अधिकारपत्र देत होते.

"आपला माणूस राजदूत व्हयना!" नाना पोरासारखे हसले.

दुसरा फोटो बऱ्याच वर्षांनंतरचा, वेगळ्या देशातला. चेहरा वाळलेला. मधल्या काळात चीननं आपले बहुतेक राजदूत परत बोलावले होते, असं मी वाचलं होतं. ते सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे त्यालाही घरी बसवला होता."

शहात्तरला भारत आणि चीन एकमेकांकडे पुन्हा राजदूत नेमणार, अशी बातमी आली. नाना सायकलच्या दुकानाची पाटी रंगवत होते. "आता दिल्लीला लिही. आपला माणूस कुठं आहे म्हणून विचार."

मी म्हणालो, "नाना, आधी एक ऐका." आणि यादीचं सांगितलं. घुसडलेल्या वाक्यांचंही सांगितलं.

त्यांनी हातातलं अक्षर पुरं केलं. मग म्हणाले, "आठ दिवस पोलिसांनी एकच विचारलं, हे अक्षर कुणाचं. सांग, नोकरी राहील, म्हणाले. मी सांगितलं, स्टेशनवर एक मद्रासी प्रवासी भेटला, त्यानं लिहून दिलं."

"चारही वेळा?"

"फौजदारानंही हेच विचारलं." ते हसले नाहीत. "यादीचं मात्र मला माहीत नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला नाही. पंधरा दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही. मग एका सकाळी तेच माझ्या दारात आले, सायकल हातात धरून.

"पत्र राहिलं. मसुदा तुना, अक्षर तुनं. आता सही बी तुनी."

ते दिवस सरकारी नोकरानं चिनी वकिलातीला पत्र धाडायचे नव्हते. मी लिहिलं. दगडांची आठवण करून दिली, त्या गृहस्थांचा ठावठिकाणा विचारला, मैत्रीविषयी एक अक्षर नाही. खाली माझी सही केली, मागे माझा पत्ता.

टपाल कचेरीतल्या बाबूनं रजिस्टर करायला पाकीट घेतलं, वरचा पत्ता वाचला, उलटून मागचा वाचला.

"हे तुम्हीच का?"

"हो, मीच."

नाना बाहेर उभे होते.

"विचारलं का काही?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं."