दुसऱ्या सेटरचा सत्कार

खोटं कशाला बोलू, त्या पोलिश बाईचा सत्कार मी मंडळात घडवून आणला तो काही तिच्या गुणांची कदर म्हणून नव्हे. माझ्या मुलीला तिनं पहिल्या सहांत घ्यावं म्हणून. व्हॉलीबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं, पण अंगावर शाल पडली की माणूस नरम येतो एवढं शास्त्र पक्कं ठाऊक होतं. आमच्या माहेरी त्या शास्त्रावर दोन बदल्या रद्द झालेल्या आहेत.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. इथे दर दुसऱ्या घरात गाड्यांच्या कंपनीतला एक इंजिनिअर आणि शाळेत जाणारं एक टॅलेंट असतं. मराठी घरांत आधी बुद्धिबळाची साथ होती, मग स्पेलिंगची, मग रोबॉटिक्सची. मग कुणाच्या तरी मुलीला व्हॉलीबॉलवर चांगलं कॉलेज मिळालं आणि त्याच हिवाळ्यात झाडून सगळ्यांच्या पोरी गुडघ्यांना पॅड बांधून उड्या मारायला लागल्या. त्यात आमचीही. फरक एवढाच, की आमचीला तो खेळ मनापासून आवडायचा. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, कारण मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं.

क्लबची कोच म्हणजे ही पोलिश बाई. चाळिशी उलटलेली, उंची सहा फूट एक इंच, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पंधरा वर्षं युरोपात व्यावसायिक खेळाडू होती, मग नवऱ्याच्या नोकरीपायी मिशिगनला आली. तिचं इंग्रजी थेट माझ्या सासूबाईंच्या वळणाचं. क्रियापद आणि राग, मध्ये काही नाही. पहिल्याच दिवशी तिनं पालकांना उभं करून सांगितलं, की मुली खेळतील, आयांनी कॉफी प्यावी. सगळ्या आया हसल्या. बाई हसली नाही.

आमची मुलगी सेटर. सेटरनं बॉल उचलून द्यायचा, मारायचा दुसरीनं, टाळ्याही दुसरीलाच. असली जागा आमच्याच घरात यायची! त्यात मैदानावर एका वेळी एकच सेटर, आणि तिथे एक लांबलचक गोरी पोर आधीच रुजलेली. आमची दुसरी. म्हणजे सामना जवळजवळ जिंकलेला किंवा पार हरलेला असला की बदली खेळाडू म्हणून हातात नंबराची पाटी धरून रेषेशी उभं राहायचं, चार बॉल खेळायचे, परत बाकावर. मार्चमध्ये मोठी स्पर्धा होती, तिथे कॉलेजांचे कोच येणार होते. बाकावर बसलेल्या मुलीचा व्हिडिओ कोण बघणार? त्या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागेना.

मग मी माझ्या परीनं कामाला लागले. दर शनिवारी सरावाला डबा. कधी चिवडा, कधी चकल्या, एकदा तर बेसनाचे लाडू, तेही तुपात हात आखडता न घेता. बाई डबा घ्यायची, थँक यू म्हणायची आणि तिथल्या तिथे उघडून बाकावर ठेवून द्यायची. त्या लांबलचक पोरीनं माझे चार लाडू खाल्ले. मी काचेतून बघत होते. जीव नुसता तीळ तीळ तुटत होता.

डब्यानं भागेना म्हणून सत्काराची कल्पना निघाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे काका, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, इथे येऊन त्यांना जन्म लोटला. त्यांच्या बेसमेंटमध्ये शालींची थप्पी असते आणि कुणाच्या खांद्यावर घालू असं त्यांना कायम झालेलं असतं. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ आणि नाट्यगीतं यांच्या मध्ये त्यांनी ताबडतोब वीस मिनिटं काढून दिली. प्रमुख पाहुण्यांचा परिचय मी लिहायचा, असंही ठरलं.

मी बाईला ईमेल केला, की तुमच्या कारकिर्दीची थोडी माहिती कळवा. उत्तर आलं, ‘मी सेकंड सेटर होते. कृपया एवढंच लिहा.’

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? आपल्याकडे खरा मोठा माणूस स्वतःला मोठा कधी म्हणतो का? ‘मी आपला साधा पेटीवाला’ असं जो म्हणतो, तो हमखास गुरुजी निघतो. जो जेवढा मागे सरकतो, त्याला तेवढा पुढे ओढायचा ही आपली रीत. मी म्हटलं, किती गं बाई ही नम्रता! आणि बसले लिहायला. ‘पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा कणा.’ ‘जिच्या बोटांवर अख्खा युरोप नाचला.’ कर्णधारपदही दिलं, कारण त्याशिवाय परिच्छेद मोकळा मोकळा वाटत होता. नवऱ्यानं वाचून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो गाडीतल्या सीट डिझाइन करतो. त्याला सगळ्या गोष्टींचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मी त्याला चहा करायला पाठवलं.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काळ्या साड्या. बाई वेळेवर आली. तिथेच ती एकटी पडली, कारण बाकी सगळे पाऊण तास उशिरा. तिला मराठी कळणार नाही म्हणून मी मुद्दाम माझ्या मुलीला तिच्या शेजारची खुर्ची दिली. तेवढीच जवळीक वाढेल, हा हिशोब. मी माईकवरून परिचय वाचत होते आणि मुलगी तिच्या कानात एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. या मुलीला घरी हजारदा सांगितलंय, की सगळंच जसंच्या तसं सांगायचं नसतं. पण नाही. कर्णधारपदाच्या वाक्याला बाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि मुलीनं खांदे उडवले. ते मला व्यासपीठावरून स्वच्छ दिसलं.

मग शाल. काका पाच फूट चार इंच. त्यांनी टाचा उंचावल्या, तरी शाल बाईच्या कोपराच्या वर जाईना. शेवटी बिचारी गुडघ्यांत वाकली आणि गुडघा असा कडाडला की माईकवर ऐकू आला. पुढच्या रांगेतल्या दोन निवृत्त हाडांच्या डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. मग नारळ. तो तिच्या पंजात लिंबाएवढा दिसत होता. तिनं सवयीनं तो बोटांवर एकदा फिरवून पाहिला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर तिनं माईक हातात घेतला आणि आधी माझं सगळं लिखाण पुसून टाकलं. मी कर्णधार नव्हते, म्हणाली. राष्ट्रीय संघातही नव्हते. दोन उन्हाळे शिबिराला बोलावलं होतं, दोन्ही वेळा यादी लागायच्या आदल्या दिवशी घरी पाठवलं.

मग तिनं आपली खरी कारकीर्द सांगितली. कोळशाच्या खाणीचं गाव. चौदाव्या वर्षी घर सोडून खेळाडूंच्या वसतिगृहात. मग पंधरा वर्षांत सहा क्लब, तीन देश, आणि सगळीकडे जागा तीच, दुसऱ्या सेटरची. रोज पहिलीएवढाच सराव, पहिलीएवढ्याच बोटांना पट्ट्या, बसमध्ये तेवढेच तास. आणि सामन्यात? दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी दोन तास बाकावर बसून अंग गरम ठेवायचं, हेच आपलं खरं कौशल्य, असं ती अगदी गंभीरपणे म्हणाली. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं पाहुण्या विनोदी आहेत. मी शेजारी उभी राहून दात दाखवत होते. दुसरं करणार काय?

एवढ्यावर ती थांबली असती तर माझी फक्त फजिती झाली असती, आणि फजितीची मला सवय आहे. पण ती पुढे बोलली. तिची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरच्या मैदानावरच्या एकूण एक सामन्याला यायची आणि मुलगी बाकावर बसलेली बघून परत जायची. ही एकोणीस वर्षांची असताना आईला राहवलं नाही. घरी घातलेलं मशरूमचं लोणचं, मोठ्या बरणीतलं, घेऊन ती कोचच्या घरी गेली. पुढच्याच सामन्यात कोचनं हिला पहिल्यापासून खेळवलं. तिन्ही सेट. संघ जिंकला आणि पेपरात फोटो आला.

“तो माझा सगळ्यात चांगला सामना होता,” ती म्हणाली. “आणि तो माझ्यामुळे मिळाला की लोणच्यामुळे, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कोच वारले. आई वारली. आता विचारू कुणाला?”

त्या वर्षाअखेर तिनं देश सोडला. आईच्या ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी खेळायचं, एवढीच तिची अट होती. इटलीतल्या खालच्या लीगमध्ये गेली, पुन्हा दुसरी सेटरच झाली, पण निदान ते दुसरेपण माझं स्वतःचं होतं, असं म्हणाली. बोलताना तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माझी मुलगी मात्र बघत होती. मी आठवड्याला एक याप्रमाणे किती डबे नेले, ते ती मनात मोजत असावी.

आणि आमचे काका! आभार मानायला उठले आणि म्हणाले, पाहिलंत, किती हा विनय, खरी मोठी माणसं अशीच असतात. हॉलनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. एक काकू डोळे पुसत मला सांगून गेल्या, अगं किती गोड बोलल्या, त्या मशरूमची रेसिपी विचार ना. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. आम्ही तर त्या अवलक्षणावर तिळगूळही वाटला.

परतताना गाडीत नवरा पुढे, मी त्याच्या शेजारी, मुलगी मागे. ती आमच्याशी इंग्रजीत बोलते. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. त्या दिवशी ती सिग्नलला मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द जुळवून.

“आई, आता तिनं मला पहिल्यापासून खेळवलं, तर मला कसं कळणार?”

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, तरी नवरा गाडी हलवेना. पोरीचं काय चुकलं होतं? तिला फक्त खेळायचं होतं आणि स्वतःच्या जोरावर खेळायचं होतं. मी तिची आई, आणि मी तिच्या हातातून नेमकं तेच काढून घेतलं होतं, तेही लाडू वळून. मला रडू आलं. सॉरी म्हणाले. इट्स ओके म्हणाली, पण ते इंग्रजीत, आणि त्या भाषेत तिला सगळंच ओके असतं.

घरी पोचल्यावर तिनं अटी सांगितल्या. या सीझनला मी सामन्यांना आत यायचं नाही. कोचशी बोलायचं नाही. डबा तर नाहीच. बाबा आत येतील, पण ती खेळली की नाही, पहिल्यापासून की शेवटी, हे मला सांगणार नाहीत. तिला बाकावर बसवलं तर ते तिचं, आणि खेळवलं तर तेही तिचंच. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात माझ्यापासून काही लपवलेलं नाही, हिंमतच नाही त्याची. पण मुलीपुढे त्यानं शपथ घेतली आणि ती चक्क पाळतोय.

तेव्हापासून मी पार्किंगमध्ये बसते. मार्चमधली ती मोठी स्पर्धाही मी ओहायोतल्या एका पार्किंगमध्ये हीटर लावून पाहिली. कुणाचं तरी दार उघडलं की आतून शिट्टी आणि आरडाओरडा यायचा, दार मिटलं की बंद. तिथेही शेजारच्या गाडीतल्या एका मराठी आईनं काच खाली करून विचारलं, तुमच्या कोचना शाल आवडली का हो, आमच्याही कोचचा सत्कार करायचाय. मी म्हटलं, करा, जरूर करा. तोंडदेखलं बोलायची माझी सवय काही एका सीझनमध्ये जाणार नाही.

सामना संपला की दोघं येतात. मी विचारते, कसं झालं? नवरा म्हणतो, बरं झालं. मुलगी कानात इअरफोन घालते. मी पुढे काही विचारत नाही. माझ्यासारखीनं न विचारणं म्हणजे काय, ते माझ्या सासूबाईंना विचारा.

पण मी काही अगदीच हार मानली नव्हती. घरी आल्यावर तिची बॅग मीच रिकामी करायचे. जर्सी घामानं पिळून निघालेली असली, पॅडला लाकडी फरशीचा रंग लागलेला असला, की समजायचं पूर्ण खेळली. कोरडी असली की बाकावर. मशीनपाशी उभी राहून मी ती जर्सी नाकाला लावायचे आणि आपलं आपण ठरवायचे. तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं माझ्या हातातून जर्सी घेतली, मशीनमध्ये टाकली, साबण टाकला आणि बटण दाबलं.

ज्या पोरीनं सतरा वर्षांत स्वतःचा कप विसळला नाही, ती आता आपले कपडे आपण धुते.