सेक्रेटरींशी वाद घालू नये

जेसल पार्कात राहायला आलो ते सत्त्याऐंशीला. तेव्हापासून काशीनाथभावजींशी भांडणारी मीच. ते सोसायटीचे सेक्रेटरी, पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात. एक दिवसाआड अर्धा तास पाणी, त्यातही त्यांच्या तिसऱ्या मजल्याला पाच मिनिटं जास्त. मी तळमजल्यावरची काय गप्प बसणार? तेही काही कमी नव्हते. आमचं वाजलं की शेजारच्या बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत यायची.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात भांडता भांडता भावजींचा चेहरा पांढराफटक पडला, घामाच्या धारा लागल्या आणि ते पायरीवर बसले. प्रेशर दोनशेवीस. सगळे म्हणाले, सुगंधाच्या तोंडाने घात केला. त्यांची बायको मनोरमा काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. सोसायटीने मीटिंग घेऊन ठराव केला, सेक्रेटरींशी कोणी वाद घालायचा नाही. हसू नका, माझीही सही आहे त्यावर.

दोन महिने तोंड शिवून राहिले. तरी भावजींना तसे झटके येतच होते, एकदा तर नुसती वाकून बादली उचलताना. गोळ्यांचा उपयोग शून्य. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासली, पोटाचे फोटो काढले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली. माणूस चिडला, घाबरला की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, काळीज धडधडतं, प्रेशर चढतं आणि थोड्या वेळाने उतरतं. भावजींची गाठ मात्र कारण नसतानाही ते रक्तात ओतत होती. भांडणाने अशी गाठ होत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुंबईहून परतल्यावर, वर स्वतःच्या घरी जायच्या आधी मनोरमाने माझं दार वाजवून हे कानावर घातलं. मी ओट्याला टेकून रडले.

काही आठवडे औषधं, मग ऑपरेशन. दिवाळीच्या सुमाराला भावजी पुन्हा व्हॉल्व्हपाशी आले. प्रेशर एकशेवीस-ऐंशी. मी दारातच होते.

"वहिनी, आज तुम्हाला पाच मिनिटं कमी सोडलंय."

"असू द्या, भावजी. चालेल."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "डॉक्टर म्हणतायत बरा झालो. तुम्ही सगळे अजून आजारीच धरताय मला."

मला गलबलून आलं. मग मी पदर खोचला.

"कमी सोडलंत ते सोडलंत, वर तोंड करून सांगताय?"

भावजींनीही आवाज चढवला. वर खिडकीत मनोरमा उभी होती. ती थांबवायला आली नाही.