गोंदिया यादीत हवं

मामांच्या यादीत गोंदिया नव्हतं. चंद्रपूर नव्हतं, नंदुरबारही नव्हतं. कोल्हापूर, मिरज, सातारा, पुणे आणि सोलापूर, एवढ्यावर त्यांनी रेघ ओढली होती. सोलापूरपुढेसुद्धा प्रश्नचिन्ह होतं.

नीटचा निकाल लागला होता आणि सरकारच्या वेबसाइटवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. नियम साधा होता. जे कॉलेज यादीत लिहाल तेच मिळू शकतं. जे लिहिलं नाही, त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या तरी तुमच्यासाठी नाहीत. मला मार्क चांगले होते, पण मामांच्या यादीतल्या कॉलेजांना पुरतील इतके नव्हते. हे मला कळत होतं आणि मामांनाही चांगलं कळत होतं.

"न्हाय लागला नंबर तर न्हाय लागला," ते म्हणाले. "आयुर्वेदाची यादी पुढं उघडतीया. हितं जवळ कॉलेज हाय. सकाळी डबा घिऊन जायाचं, संध्याकाळी घरात. त्योबी डॉक्टरच की."

आयुर्वेदाबद्दल मला आकस नव्हता, आजही नाही. पण मी त्यासाठी अभ्यास केला नव्हता. मला एमबीबीएस करायचं होतं आणि ते जिथं मिळेल तिथं जायची माझी तयारी होती.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर, खाली गल्ली आणि कोपऱ्यावर तालीम. एका सहकारी संस्थेत ते हेडक्लार्क होते आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत इंग्रजी अर्ज भरता येणारे ते एकटेच. दहावीपर्यंत मी आमच्या गावच्या, कबनूरच्या मराठी शाळेत शिकले. अकरावी-बारावीला कोल्हापुरात कॉलेज घेतलं, तेव्हा त्यांनी मला घरी ठेवून घेतलं. आत्या माझ्याआधी उठून चहा ठेवायची. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकली की गल्लीत जो दंगा होतो, त्याही दिवशी मामा खाली जाऊन पोरांना सांगायचे, "वर पोरगी अभ्यासाला बसल्या, ताशा पलीकडच्या गल्लीत न्या." नीटच्या पेपरला ते सेंटरबाहेर उन्हात उभे राहिले होते. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच त्यांच्या यादीला नको म्हणणं अवघड होतं. त्यांच्या घरचं जेवायचं आणि त्यांचंच ऐकायचं नाही, असं कसं करणार?

"गोंदिया लिहू या की मामा," मी म्हटलं होतं.

"गोंदिया कुठं हाय म्हायती हाय का तुला? तुझ्या बाला नकाशात दाखवाय सांग."

"मलाबी म्हायती नव्हतं. आता म्हायती हाय."

"मग लई झालं. नकाशात बघायचं आणि नकाशातच सोडायचं."

माझे वडील, म्हणजे अण्णा, कबनूरला मागावर काम करतात. आई त्याच शेडमध्ये कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळून देते. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्यानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याला तिथला आवाज सांगून कळत नाही. शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच पोचतं. त्यामुळे तिथं कुणी बोलतच नाही. सगळे हातांनी सांगतात. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली की तार तुटली. तळहातावर बोट घासलं की कापडात खोट आली. मूठ पुढं ढकलली की चालू कर, मागं ओढली की बंद कर. मालक आले की हवेत कॉलर ताठ करायची. मी लहानपणापासून डबा घेऊन जायची, त्यामुळे ही भाषा मला शाळेच्या आधी आली. आमच्या घरातली निम्मी भांडणं अशीच व्हायची. आई चुलीपाशी तळहातावर बोट घासायची आणि अण्णा समजायचे की आणलेल्या भाजीत खोट आहे.

या कामाची एक किंमत असते. अण्णांना कमी ऐकू येतं आणि आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना अंदाज राहिलेला नाही. ते साधं "पाणी दे" म्हणाले तरी शेजारची म्हातारी बाहेर येऊन बघते.

मामांनी यादी केली त्याच आठवड्यात मी कबनूरला गेले आणि तशीच शेडवर गेले. अण्णांचे माग चालू होते. गोंदिया हा शब्द कुठल्याच खुणेत बसेना. मग मी कापडाच्या ताग्यावर निशाणी करायचा खडू उचलला आणि भिंतीवर महाराष्ट्र काढला. शाळेत काढायचो तसा, थोडा फुगलेला. खाली डाव्या अंगाला ठिपका दिला आणि बोटानं जमीन दाखवली: हे आपण. मग वर उजवीकडं, अगदी टोकाला, दुसरा ठिपका दिला आणि स्वतःकडं बोट केलं.

अण्णा बघत राहिले. मध्येच एका मागाची तार तुटली, ते जाऊन जोडून आले, परत भिंतीपुढं उभे राहिले. आपल्या ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या ठिपक्यापर्यंत हळूहळू बोट नेलं. मध्ये खडू पुसला गेला, तिथं एक पट्टा उमटला. मग माझ्याकडं बघून मूठ पुढं ढकलली.

आईनं कांडीयंत्रावरून मान वळवून खूण केली: काय? अण्णांनी तिलाही तीच मूठ दाखवली. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा कांडी लावली. मला वाटलं, झालं, ठरलं.

पण रविवारी आम्ही तिघं शिवाजी पेठेत गेलो. मामांनी खुर्चीत बसून यादी वाचली आणि अण्णांना विचारलं, "बरोबर हाय न्हवं, पावणं?"

"दाजी, पोरगी गोंदिया म्हणतीया," अण्णा म्हणाले.

म्हणाले म्हणजे त्यांच्या आवाजात म्हणाले. खाली तालमीच्या पायरीवर बसलेल्यांनी वर बघितलं. एकानं खालून विचारलंसुद्धा, "कोण गेलं गोंदियाला?"

"हळू बोला की पावणं," मामा हसत म्हणाले. "गोंदियापत्तूर थेट ऐकू गेलं. आता पोरीला पाठवायची गरजच न्हाय."

आत्याही हसली. मनात काही नव्हतं तिच्या, पण हसली. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर मामा जे म्हणाले त्याला ते मान हलवत गेले. पोरीच्या जातीला एवढं लांब नको, व्हय. आजारी पडली तर बघणार कोण, व्हय. मी आईकडं बघितलं. आई फरशीकडं बघत होती. त्यांना सोडायला बसस्टॉपवर गेले तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही भिंतीवर एक म्हणता आणि हितं एक म्हणता." त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

यादी पक्की करायचा शेवटचा दिवस सोमवार होता. मामांनी रजा टाकली. कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःची यादी भरली. मी शेजारी उभी होते. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. शेवटी पानावर आलं की नोंदवलेल्या मोबाईलवर एक नंबर येईल, तो घातल्याशिवाय यादी पक्की होणार नाही. नोंदवलेला मोबाईल अण्णांचा होता आणि अण्णा शेडमध्ये होते.

मामांनी फोन लावला. अण्णांनी उचलला तेव्हा नुसता मागांचा खडखडाट आला. मामा ओरडले, "पावणं, नंबर आलाय काय? नंबर वाचा." पलीकडून खडखडाट. तीनदा असं झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अण्णांचा चेहरा आला, कापसाचं तूस भुवयांवर बसलेलं, आणि मागं तीच भिंत. नकाशा अजून होता, कुणी पुसला नव्हता.

मामा मोबाईलपुढं तोंड नेऊन "नंबर, नंबर" करत होते. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. हनुवटी वर केली: कापड कसं आहे?

मी तळहातावर बोट घासलं.

अण्णांनी खडूच्या वरच्या ठिपक्याकडं बोट केलं आणि भुवया उचलल्या. मी मान हलवली: नाही, तो यादीत नाही.

त्यांनी मूठ मागं ओढली. जोरात, खरा दांडा ओढावा तशी.

"काय म्हणत्यात?" मामांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. नेटवर्क नाही म्हणता आलं असतं. पण मी ठरवलं की जे बोलणं झालं तेच सांगायचं. "माग बंद करा म्हणत्यात. यादीत खोट हाय. गोंदिया घातल्याबिगर नंबर मिळणार न्हाय."

"ह्ये सगळं त्या हातानं सांगितलं?"

"व्हय."

"काल तर व्हय व्हय म्हणत हुता."

"काल तुम्ही हसलासा, मामा."

आत्या दारात येऊन उभी होती. मामांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि ऐकावं लागलंच. "दोन वर्सं हितं ठेवून घेतली ती ह्याच्यासाठी? उद्या काय झालं तर लोक मला इचारणार हाईत. तुझ्या बाला कोण इचारतंय?"

"तुमी केलंय ते मी जल्मभर विसरणार न्हाय," मी म्हटलं. "तुमी शिकवलासा म्हणून तर मार्क पडलं. पण आता त्या मार्कावर जे मिळतंय ते मी सोडणार न्हाय. गोंदियाची गाडी हितनंच सुटती, मामा. कोल्हापूर स्टेशनात बसायचं आणि शेवटाला उतरायचं. मधी बदलायबी लागत न्हाय."

पडद्यावर अण्णा तसेच उभे होते, मूठ मागं ओढलेली. मागं कुणीतरी त्यांना खूण करत होतं की तुमची तार तुटली. ते हलले नाहीत. आयुष्यात त्यांनी तुटलेली तार तशी ठेवलेली मी पहिल्यांदा बघितली.

"द्या त्यांना पायजे ते करू," आत्या मामांना म्हणाली. "पोरगी तिच्या आईबाची हाय. आपली काय म्हणून अडवताय?"

मामा खुर्चीतून उठले. "बस मग. तूच भर."

मी बसले. पुणे, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, सातारा राहू दिले, कारण त्यातलं मिळालं तर मला नको थोडंच होतं? त्याखाली चंद्रपूर घातलं, नंदुरबार घातलं, गोंदिया घातलं, आणि वेबसाइटवर उरलेलं एकेक सरकारी कॉलेज घालत गेले. मग परत नंबर मागवला आणि मोबाईलपुढं मूठ ढकलली: चालू करा.

अण्णांनी पडद्यावरचा मेसेज बघितला आणि एकेक आकडा बोटांवर दाखवला. शून्याला त्यांनी मूठ बंद केली. ती मला बंद करा अशी वाटली आणि मी कीबोर्डवरचा हात काढला. मग कळलं, शून्य.

मला गोंदिया मिळालं.

मामा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. पण रिझर्वेशनला स्वतः स्टेशनवर जाऊन रांगेत उभे राहिले. जाताना दोन तिकिटं, माझं आणि अण्णांचं. येतानाही दोन. एक अण्णांचं आणि एक माझं.

"माझं कशाला?" मी विचारलं.

"असू दे. तितं जागा बघितल्यावर ठरव."

मी ते तिकीट परत केलं नाही. पाकिटात ठेवून अण्णांच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच ठेवा. गाडी दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचली. आम्ही कॉलेज बघितलं, कागद दिले, वसतिगृहात खोली मिळाली. जेवणात भाकरी नव्हती, भात होता. अण्णांनी खोलीतली खिडकी उघडून बाहेर बघितलं, पंखा लावून बघितला आणि मला विचारलं नाही की राहतेस का. निघताना दारातून फक्त मूठ पुढं ढकलली. माझ्या खोलीतली नागपूरची मुलगी म्हणाली, तुझे बाबा भांडत होते का? मी म्हटलं, नाही, आशीर्वाद देत होते.

पुढचं मला अण्णांनीच दिवाळीला सांगितलं. परतीच्या गाडीत त्यांच्या शेजारचा बर्थ रिकामा होता. त्यावर त्यांनी पिशवी ठेवली होती. तिकीट तपासनीस आला आणि विचारलं, या सीटवरचा प्रवासी कुठं आहे. अण्णांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा अण्णांनी टोपी सारखी केली आणि सांगितलं. कुठल्या आवाजात सांगितलं असेल ते मला माहीत आहे, कारण ते म्हणाले की डब्याच्या त्या टोकाची माणसं उठून बघायला लागली, आणि या खेपेला त्यांनी आवाज कमी केला नाही.

"ती येत न्हाय. माझी पोरगी हाय. डॉक्टर व्हायला तिकडं ऱ्हायली."